पूर्णाकाठची काळी जमीन आणि स्फुरदयुक्त खतांतील जडधातू

विदर्भाच्या पश्चिम सीमेवर वसलेल्या बुलडाणा जिल्ह्याचे निसर्गानेच तीन भाग पाडले आहेत. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके आहेत. मध्यभागी पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा व शेगावकडील सपाट, खोल काळ्या मातीचा प्रदेश आहे. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगांनी उचलून धरलेले बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा यांचे पठार आहे. सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा ही येथील मुख्य पिके होत. मृगाच्या सुमारास कृषी सेवा केंद्रांपुढे बैलगाड्या व ट्रॅक्टर उभे राहू लागले, की जिल्ह्यातील शेतीचे वर्ष सुरू झाले असे समजावे. या गाड्यांतून शेताकडे जाणाऱ्या गोण्यांत डीएपी, सुपर फॉस्फेट व मिश्रखते यांचा वाटा फार मोठा असतो.

या गोण्यांवर नत्र, स्फुरद व पालाश यांचे प्रमाण ठळक अक्षरांत छापलेले असते. परंतु त्यांतून जमिनीत आणखीही काही जात असते व त्याचा उल्लेख गोणीवर नसतो. त्यांपैकी कॅडमियम या जडधातूचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. शेतकऱ्याला घाबरवून सोडावे किंवा रासायनिक खतांना दोष द्यावा, असा या लेखाचा हेतू नाही. प्रश्न किती मोठा आहे, आपल्या जिल्ह्यात त्याचे स्वरूप कोणते आणि त्यावर गावपातळीवर काय करता येईल, हे नीट समजून घ्यावे, एवढाच उद्देश आहे.

चर्चेचे निमित्त

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील स्त्रीपुरुषांचे व मुलांचे केस अचानक गळू लागले. तीनचार दिवसांत डोक्यावर टक्कल पडावे, असा हा प्रकार होता. अठरा गावांतील २७९ व्यक्तींना त्याची बाधा झाल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये काही रुग्णांची नखेही गळू लागली. या घटनेने सारा देश शेगाव तालुक्याकडे पाहू लागला. सुरुवातीस संशय पाण्यावर गेला. नंतर रुग्णांच्या शरीरात सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण वाढल्याचे तपासणीतून पुढे आले. महाड येथील ज्येष्ठ वैद्यक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या अभ्यासाचा निष्कर्ष मांडला. स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या, पंजाब-हरियाणाकडील गव्हात सेलेनियम अधिक होते आणि रुग्णांच्या शरीरातील जस्ताचे प्रमाण घटलेले होते, असे त्यांनी सांगितले. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर व नवांशहर भागांतील काही जमिनींत सेलेनियम निसर्गतःच अधिक आहे, ही गोष्ट मृदाशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

सेलेनियम आणि कॅडमियम ही दोन वेगळी द्रव्ये आहेत. केसगळतीच्या घटनेचा स्फुरदयुक्त खतांशी संबंध जोडणे शास्त्रास धरून होणार नाही. तरीही या घटनेने एक धडा सर्वांच्या मनावर ठसविला. जमिनीत जे असते ते धान्यात उतरते आणि धान्यातून माणसाच्या शरीरात येते. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही आणि चवही नाही. म्हणून “आमच्या जमिनीत काय साठत आहे?” हा प्रश्न गावकऱ्यांनी विचारणे अगदी स्वाभाविक आहे.

खडकापासून गोणीपर्यंत

स्फुरदयुक्त खतांचा उगम खडकात आहे. स्फुरदाने समृद्ध असा खडक खाणीतून काढावयाचा, त्याची पूड करावयाची आणि तिच्यावर आम्लाची क्रिया करावयाची, हीच या उद्योगाची मूळ रीत होय. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली सुपर फॉस्फेट तयार करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. भारतात तामिळनाडूतील राणीपेट येथे १९०६ साली सुपर फॉस्फेटचा पहिला कारखाना निघाला. आपल्या देशात राजस्थानात उदयपूरजवळील झामरकोटडा येथे या खडकाचे मोठे साठे आहेत. परंतु देशाची गरज त्यातून भागत नाही. त्यामुळे खडक, फॉस्फरिक आम्ल आणि तयार डीएपी मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावे लागते.

हा खडक दोन प्रकारचा असतो. एक अग्निजन्य, म्हणजे भूगर्भातील तप्त रस थंड होऊन बनलेला. रशियातील कोला द्वीपकल्पात व दक्षिण आफ्रिकेतील फालाबोरवा येथे तो सापडतो. त्यात कॅडमियम अत्यल्प असते. दुसरा गाळाचा, म्हणजे प्राचीन समुद्राच्या तळाशी लाखो वर्षे साचून बनलेला. मोरोक्को, सेनेगल, टोगो इत्यादी देशांतील साठे या प्रकारचे आहेत. समुद्रातील सूक्ष्म जीवांनी शोषलेली द्रव्ये गाळाबरोबर तळाशी जाऊन त्यात मिसळलेली असतात. त्यामुळे या खडकात स्फुरदाबरोबर कॅडमियम, युरेनियम, फ्लोरीन आणि अन्य द्रव्येही आढळतात. त्यांचे प्रमाण खाणीनुसार बदलते.

सुपर फॉस्फेट तयार करताना खडकाच्या पुडीवर गंधकाम्ल टाकतात व तयार झालेला सर्व पदार्थ खत म्हणून वापरतात. साहजिकच खडकातील कॅडमियम खतातच राहते. डीएपीसाठी प्रथम फॉस्फरिक आम्ल वेगळे काढतात. त्या वेळी काही कॅडमियम जिप्समच्या चोथ्याबरोबर निघून जाते, पण बराच भाग आम्लात व पुढे खतात येतो. ते काढून टाकण्याच्या पद्धती आहेत, पण त्या खर्चिक आहेत. तात्पर्य, खतातील कॅडमियम ही भेसळ नव्हे. ते कच्च्या मालाबरोबरच आलेले असते.

एका हेक्टरचा हिशेब

या विषयावर बोलताना आकड्यांचे भान सुटले, की एक तर निष्काळजीपणा येतो किंवा भीती वाढते. म्हणून एक साधा हिशेब मांडू. शाळांतून सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडून तो सहज करून घेता येईल.

डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २३ किलो स्फुरद असते. सुपर फॉस्फेटच्या तेवढ्याच गोणीत १६ टक्के, म्हणजे ८ किलो असते. समजा, एखाद्या शेतकऱ्याने हेक्टरी ६० किलो स्फुरद दिले. युरोपीय संघाने स्फुरदाच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची कमाल मर्यादा घातली आहे. आपल्या खतात नेमके तेवढेच कॅडमियम आहे असे केवळ उदाहरणादाखल धरू. मग ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० मिलिग्रॅम किंवा ३.६ ग्रॅम कॅडमियम एका हंगामात एका हेक्टरात पडेल.

एका हेक्टरातील वरच्या पंधरा सेंटिमीटर थरातील मातीचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. ३.६ ग्रॅम कॅडमियम या मातीत मिसळले तर किलोमागे ०.००१८ मिलिग्रॅमची भर पडते. ही भर इतकी अल्प आहे, की एका वर्षात, दहा वर्षांतही ती कोणाच्या लक्षात येणार नाही. परंतु हाच क्रम पन्नास वर्षे चालला तर भर ०.०९ मिलिग्रॅम होते. मुळात अनेक शेतजमिनींत कॅडमियम किलोमागे ०.१ ते ०.५ मिलिग्रॅम एवढेच असते. म्हणजे जेथे मूळ प्रमाण कमी होते, तेथे एका पिढीच्या कष्टाच्या काळात ते जवळजवळ दुप्पट होऊ शकते. खतात कॅडमियम याच्या एकतृतीयांश असेल तर भरही एकतृतीयांश होईल. खत कोणत्या खडकाचे आहे यावर सारा फरक अवलंबून आहे.

आता जावकीची बाजू पाहू. हेक्टरी वीस क्विंटल धान्य निघाले आणि त्यात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम कॅडमियम असले, तर शेतातून फक्त ०.१ ग्रॅम कॅडमियम बाहेर गेले. आवक ३.६ ग्रॅम आणि जावक ०.१ ग्रॅम! पाण्याबरोबर व धुपीबरोबर आणखी काही जात असेल, पण काळ्या मातीत ते खोलवर झिरपत नाही. कीटकनाशकाचे कालांतराने विघटन होते, नत्र हवेत किंवा पाण्यात निघून जाते. कॅडमियम हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होत नाही व जीवजंतू त्याला संपवू शकत नाहीत. ते जमिनीत केवळ साठत जाते. या प्रश्नाचे गांभीर्य येथे आहे.

काळ्या जमिनीची ढाल

बुलडाण्याच्या शेतकऱ्याला दिलासा देणारी गोष्ट अशी, की येथील जमीन या बाबतीत बळकट आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेल्या या मातीत चिकण भाग मोठा आहे, चुनखडी आहे आणि तिचा सामू बहुधा सातच्या वर आहे. अशा जमिनीत कॅडमियम चिकणमातीच्या कणांना व चुन्याला घट्ट धरून राहते आणि मुळांना सहजासहजी मिळत नाही. कोकणातील आम्लधर्मी तांबड्या जमिनीत तेवढेच कॅडमियम पडले तर पिकात जाण्याचा धोका अधिक असतो.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. काळ्या पाषाणात निकेल, क्रोमियम व तांबे ही द्रव्ये मुळातच अधिक असतात. त्यामुळे एखाद्या प्रयोगशाळेच्या अहवालात या धातूंचे आकडे मोठे दिसले, तर ‘जमीन प्रदूषित झाली’ असा निष्कर्ष घाईने काढू नये. पीक न घेतलेल्या जवळच्या पडीक जमिनीचा किंवा खोल थरातील मातीचा नमुना तुलनेसाठी घेतल्यावाचून असा निष्कर्ष काढता येत नाही.

ढालीला भेग कोठे पडते?

काळ्या मातीच्या या ढालीला दोन ठिकाणी भेगा पडू शकतात. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने लेखातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

पहिली भेग क्षारतेची. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही काठांनी खारपाण पट्टा पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. या पट्ट्यातील भूजलात सोडियम व क्लोराईड यांचे प्रमाण मोठे असते. क्लोराईडचा कॅडमियमशी संयोग होऊन विरघळणारी संयुगे बनतात व मातीने धरून ठेवलेले कॅडमियम सुटून मुळांच्या आवाक्यात येते. ऑस्ट्रेलियात बटाट्याच्या पिकावर १९९० नंतरच्या दशकात झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. बटाट्यातील कॅडमियमचा संबंध जमिनीतील एकूण कॅडमियमपेक्षा मातीच्या व पाण्याच्या खारटपणाशी अधिक होता. म्हणजे खारे पाणी दिलेल्या शेतात थोडे कॅडमियमही पिकात अधिक चढते.

दुसरी भेग जस्ताच्या कमतरतेची. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्त कमी पडणे ही महाराष्ट्रातील नेहमीची तक्रार आहे. गरजेपेक्षा अधिक स्फुरद दिले, की पिकाला जस्त मिळणे आणखी कठीण होते. जस्त व कॅडमियम हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने भावंडांसारखे धातू आहेत. पिकाला जस्त मिळाले नाही, तर मुळे त्याच वाटेने कॅडमियम आत घेतात. याचा अर्थ असा, की गरज नसताना दिलेली स्फुरदाची गोणी दुहेरी अपाय करते. तिच्याबरोबर कॅडमियम येते आणि त्या कॅडमियमला पिकात शिरण्याची वाटही तीच मोकळी करून देते.

सर्वच पिके सारखे कॅडमियम घेत नाहीत. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या, कंदमुळे, सूर्यफूल, जवस व तंबाखू यांत ते अधिक जाते, मक्यात कमी जाते. सोयाबीन या दोहोंच्या मध्ये मोडते. खारपाण पट्ट्यात विहिरीच्या पाण्यावर परसात पालेभाजी घेणाऱ्या कुटुंबांनी म्हणूनच अधिक लक्ष द्यावे.

शरीरावरील परिणाम आणि जपानचा अनुभव

कॅडमियम शरीरात गेले, की ते मुख्यतः मूत्रपिंडात साठते व तेथे दहा ते तीस वर्षे राहते. मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती त्यामुळे हळूहळू मंदावते आणि हाडे ठिसूळ होतात. आहारात लोह, जस्त व चुना कमी असेल तर कॅडमियम अधिक शोषले जाते. म्हणून कुपोषित मुले व रक्तक्षय झालेल्या माता यांना त्याची झळ अधिक पोहोचते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१० साली शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोस महिन्याला २५ मायक्रोग्रॅम ही सेवनाची मर्यादा ठरविली. साठ किलो वजनाच्या माणसाला ती दिवसाला ५० मायक्रोग्रॅम पडते. कोडेक्स या जागतिक अन्नमानक संस्थेने गव्हासाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. अगदी त्या मर्यादेतला गहू रोज ३०० ग्रॅम खाल्ला, तरी ६० मायक्रोग्रॅम कॅडमियम पोटात जाते. धान्यच ज्याचे मुख्य अन्न आहे, त्या समाजाला मर्यादेच्या काठावर राहून चालणार नाही, हे यावरून ध्यानात येईल.

कॅडमियमने काय होऊ शकते, हे जपानमधील तोयामा प्रांताने भोगले आहे. जिन्झू नदीत कामिओका खाणीतून कॅडमियम मिसळत होते व त्या पाण्यावर भातशेती होत होती. तेथील प्रौढ स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली, की खोकल्यानेही ती मोडत. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, हेच त्या रोगाचे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले. त्यानंतर शेतातील माती बदलण्याचे काम हाती घेण्यात आले व ते २०१२ साली पूर्ण झाले. यास तीन दशकांहून अधिक काळ लागला.

ही आपत्ती खाणीच्या सांडपाण्याने ओढवली होती, खताने नव्हे. तेथील प्रमाण खतातून येणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट होते. पूर्णा खोऱ्यातील गावांत मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी अनेक वर्षांपासून आहेत. त्यांचे खापर खतावर फोडणेही योग्य होणार नाही. तेथे खाऱ्या पाण्याचा प्रश्न सर्वांत आधी येतो. जपानच्या उदाहरणापासून घ्यावयाचा धडा एवढाच, की कॅडमियम जमिनीत जाऊ देणे सोपे आहे, पण ते बाहेर काढण्यास पिढी खर्ची पडते.

इतर देशांनी काय केले?

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याच शेतांवर प्रयोग चालू आहेत आणि मातीचे जुने नमुने बाटल्यांत जपून ठेवलेले आहेत. त्या नमुन्यांची पुढे तपासणी केली असता जमिनीतील कॅडमियम कालांतराने वाढत गेल्याचे आढळले. त्यातील काही भाग हवेतून आला होता, तर काही खतातून. नमुने जपून ठेवले नसते तर हे कळण्यास मार्गच नव्हता.

न्यूझीलंडने नाऊरू बेटावरील खडकापासून केलेले सुपर फॉस्फेट कुरणांवर अनेक दशके टाकले. या खडकात कॅडमियम बरेच होते. ते गवतातून जनावरांच्या मूत्रपिंडात साठू लागले. अखेर तीस महिन्यांहून अधिक वयाच्या जनावरांची मूत्रपिंडे माणसाच्या आहारातून वगळण्यात आली. तेथील खत उद्योगाने स्वतःहून खतातील कॅडमियमवर मर्यादा घालून घेतली, तसेच २०११ पासून जमिनीतील प्रमाणानुसार खताचा वापर ठरविण्याची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सुरू केली. युरोपीय संघाची वर उल्लेखिलेली मर्यादा १६ जुलै २०२२ पासून लागू झाली आहे.

आपला कायदा आणि मृद आरोग्य पत्रिका

आपल्याकडे खतांचा दर्जा खत (नियंत्रण) आदेश, १९८५ अन्वये ठरतो. डीएपी व सुपर फॉस्फेटच्या विनिर्देशांत पोषक अंश, ओलावा व कणांचा आकार यांना प्रामुख्याने स्थान आहे. शहरी कंपोस्टसाठी मात्र याच आदेशात जडधातूंच्या मर्यादा दिल्या आहेत. त्यात कॅडमियम किलोमागे ५, शिसे १०० व आर्सेनिक १० मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. सेंद्रिय म्हटले की निर्धोक, असे समजणाऱ्यांनी या ठिकाणीही हिशेब करून पाहावा. मर्यादेच्या काठावरील कंपोस्ट हेक्टरी पाच टन घातले तर २५ ग्रॅम कॅडमियम जमिनीत जाते. आपल्या उदाहरणातील रासायनिक खताच्या ते जवळजवळ सातपट आहे. गोठ्यातील चांगल्या शेणखतात प्रमाण याहून पुष्कळ कमी असते. परंतु शहरातील कचऱ्यापासून केलेले खत घेताना तपासणीचा दाखला मागितलाच पाहिजे. सेंद्रिय शेतीत वापरली जाणारी खडकाची पूडही त्याच खाणींतून येते, हेही विसरू नये.

मृद आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. तीत बारा गोष्टींची तपासणी होते : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. या यादीत कॅडमियम नाही. तरीही ही पत्रिका या प्रश्नात निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. धोका वाढविणाऱ्या चारही गोष्टी तीत नोंदलेल्या असतात. स्फुरद भरपूर, जस्त कमी, क्षारता अधिक आणि सेंद्रिय कर्ब कमी अशी पत्रिका ज्या शेताची असेल, त्या शेताकडे प्रथम लक्ष द्यावे. कॅडमियमचा आकडा नसला तरी कोठे सावध राहावयाचे हे ही पत्रिका सांगते.

करावयाच्या गोष्टी

शेतकऱ्यांना सांगावयाची पहिली गोष्ट म्हणजे स्फुरद पत्रिका पाहूनच द्यावे. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत दिलेल्या स्फुरदाचा थोडाच भाग पहिल्या हंगामात पिकाला मिळतो. उरलेला जमिनीत अडकून पडतो. वर्षानुवर्षे डीएपी दिलेल्या शेतात स्फुरदाची शिल्लक असते. पत्रिकेत प्रमाण ‘भरपूर’ दाखविले असता शिफारशीनुसार मात्रा कमी केली, तर उत्पन्न न घटता गोणीचे पैसे वाचतात आणि कॅडमियमची आवकही तेवढीच थांबते. या प्रश्नावरील सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत स्वस्तही आहे, ही समाधानाची बाब होय.

दुसरी गोष्ट, बियाण्यास स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया करावी. त्यामुळे जमिनीत अडकलेले स्फुरद पिकाच्या कामी येते. तिसरी, जस्ताची कमतरता असल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट द्यावे, मात्र ते अधिकृत विक्रेत्याकडूनच पावती घेऊन घ्यावे. हलक्या प्रतीच्या झिंक सल्फेटमध्ये शिसे व कॅडमियम असू शकते. चौथी, शेणखत व पिकांचे अवशेष जमिनीत मुरवून सेंद्रिय कर्ब वाढवावा. पाचवी, खारपाण पट्ट्यात विहिरीच्या खाऱ्या पाण्याऐवजी शेततळ्यात साठविलेल्या पावसाच्या पाण्याचा संरक्षित सिंचनासाठी वापर करावा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील खारपाण गावांचा समावेश करण्यात आला, त्यामागे गोड्या पाण्याच्या अशाच साठवणीचा विचार होता.

अधिकाऱ्यांच्या पातळीवर दोन गोष्टी शक्य आहेत. जस्त व लोह मोजण्यासाठी प्रयोगशाळांत जे अणुशोषण उपकरण वापरतात, त्यालाच कॅडमियमचा दिवा लावून कॅडमियम मोजता येते. अत्यल्प प्रमाणासाठी अधिक संवेदनशील उपकरण लागते, ते मोठ्या संस्थांकडे असते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था या दोन्ही विदर्भातच आहेत. प्रत्येक तालुक्यातील काही निवडक शेते कायमची ठरवून त्यांची दर पाच वर्षांनी तपासणी झाली, तर जिल्ह्याजवळ अनुमानाऐवजी नोंद राहील. दुसरे म्हणजे, खतांचे नमुने घेताना त्यांतील कॅडमियमचीही तपासणी करवून घेता येईल.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचा वाटा

ग्रामपंचायतीने गावातील मृद आरोग्य पत्रिकांचा गोषवारा ग्रामसभेत वाचून दाखवावा. ‘गावातील किती शेतांत स्फुरद भरपूर आहे आणि तरीही किती गोण्या आल्या?’ एवढा एकच प्रश्न विचारला, तरी चर्चेला योग्य वळण लागेल. शहरी कंपोस्ट किंवा सांडपाणी गावच्या शेतात येणार असेल, तर तपासणीचा दाखला मागण्याचा ठराव करावा.

शाळांवर एक वेगळे काम सोपविता येईल. रोथॅमस्टेडच्या जुन्या बाटल्यांनी जे केले, ते आपल्या गावच्या शाळेलाही करता येते. उन्हाळ्यात, पीक निघाल्यावर व खत देण्यापूर्वी, गावातील पाचसहा शेते निवडावीत. बांध, झाडाखालची जागा व उकिरड्याची जागा सोडून प्रत्येक शेतात आठदहा ठिकाणी ‘व्ही’ आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यावेत. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या साधनाने खड्ड्याच्या कडेची माती खरवडून घ्यावी. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नये, कारण तीतून धातू नमुन्यात मिसळतात. माती सावलीत वाळवून, एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवावेत व असे करीत अर्धा किलो माती उरवावी. ती स्वच्छ कोरड्या बाटलीत भरून बाटलीवर गट क्रमांक, तारीख, पीक व त्या वर्षी दिलेल्या खताच्या गोण्यांची संख्या लिहावी. शेजारच्या पडीक जमिनीची एक बाटली तुलनेसाठी ठेवावी. दर पाच वर्षांनी यात भर घालावी.

या कामास खर्च जवळजवळ नाही. त्याचा उपयोग आज दिसणार नाही. परंतु वीस वर्षांनी ‘आमच्या जमिनीत काय साठले?’ असा प्रश्न पुन्हा उपस्थित होईल, तेव्हा उत्तरासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. ते शाळेच्या कपाटात असेल.

समारोप

१९६४ साली संकरित ज्वारीचे वाण आले. त्यापुढच्या काळात विदर्भातील शेतकऱ्याने रासायनिक खतांच्या जोडीने उत्पन्न वाढविले. धान्याच्या टंचाईतून आपण बाहेर पडलो, त्यात या खतांचा वाटा आहे आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. स्फुरदावाचून पीक नाही, म्हणून खत टाळणे हा उपाय नव्हे. खत मोजून देणे, जमिनीची पत्रिका वाचणे, जस्त आणि सेंद्रिय कर्ब यांची काळजी घेणे आणि खारे पाणी टाळणे हाच उपाय आहे. आपली काळी जमीन आज बळकट आहे. तिची ही ताकद शाबूत आहे तोपर्यंतच तिच्यावरील ओझे हलके केले पाहिजे. वाडवडिलांनी आपल्याला जमीन दिली तेव्हा तिच्याबरोबर कोणता साठा दिला, याची नोंद कोणी ठेवली नव्हती. पुढच्या पिढीला ती देताना नोंद ठेवून देणे आपल्याला शक्य आहे आणि त्याचा आरंभ येत्या उन्हाळ्यात, एका बाटलीपासून, कोणत्याही गावाला करता येईल.